खिट्टी

नलिनीबाईंनी जुना फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्तीवाल्या इनामदारांपुढे ठेवला. “पट्टा सैल झालाय. सकाळी हे सुरू व्हायला फार वेळ लावतात.”

“हयात असतानाही लावायचेच,” इनामदार म्हणाले.

त्यांनी पट्टा बदलला. आतल्या फ्लॉपीची लिखाण रोखणारी खिट्टी लावलेली होती, म्हणजे नवं काही साठत नव्हतं. ती त्यांनी आपणहून, बाईंना न सांगता उघडून दिली.

बाईंनी ती मुद्दाम लावून ठेवली होती. रोज सकाळी फ्लॉपीवर साठवलेले यजमान स्पीकरमधून चष्मा मागत. संध्याकाळपर्यंत आपण वारलोय हे त्यांना उमगे, ते रडत, आणि रात्री बंद केल्यावर सगळं विसरत.

त्या संध्याकाळीही ते रडले. सकाळी बाईंनी चहा ठेवला आणि फ्लॉपी आत सरकवली. ड्राइव्ह झटक्यात सुरू झाला.

“चष्मा राहू दे, नलू,” यजमान म्हणाले. “मी गेलोय हे मला आजवर किती वेळा कळलंय?”