कडू झाडाचं नाव

"आबा, थांबा!" प्रकाशचंद शाळेच्या फाटकातून ओरडला, आणि व्हरांड्यात आडवे पडलेले अकरा आबा एकदम उठून बसले.

थांबायचा तो मात्र थांबला नाही. एवढ्या आबांमध्ये हाक आपल्यालाच कशाला असेल, असं त्याला वाटलं असावं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, एक हात भिंतीवर, दुसरा पुढे चाचपडत, असा तो एकटाच चालला होता. बहुधा लघवीला. भांडं मागायची लाज वाटली असणार. पंधरा-वीस पावलांवर व्हरांडा संपत होता. तिथे कठडा नव्हता, पायऱ्याही नव्हत्या. खाली कमरेएवढं अंतर आणि मग खडी.

"बाकीचे झोपा! उठू नका कोणी!" असं ओरडत प्रकाशचंद धावत सुटला. कापडाच्या दुकानात वीस वर्षं गादीवर बसून काढलेला माणूस, धावून धावणार किती! क्लबचे बाकीचे सभासद शाळेमागे चहाच्या पातेल्याभोवती जमले होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

शिरपूरच्या या क्लबने आजवर बसस्टँडवर बाक बसवले होते, बाजारात पाणपोई घातली होती. बाक मोडला तर दुसरा आणता येतो. यंदा प्रकाशचंद सेक्रेटरी झाला आणि त्याने हट्टाने डोळ्यांचं शिबिर घेतलं. म्हाताऱ्याचा मोतीबिंदू कालच काढला होता. धक्का बसला की टाके तुटतील आणि डोळा जाईल, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. आणि या म्हाताऱ्याचा दुसरा डोळा आधीच गेलेला होता.

"एकेचाळीस नंबर! ओ एकेचाळीस नंबर!"

नंबर चिकटपट्टीवर लिहून त्याच्याच कपाळाला लावला होता. त्यामुळे तो त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत होता. म्हातारा चालतच राहिला.

प्रकाशचंदला मग नाव आठवलं. वहीत त्यानेच लिहिलं होतं. "कडू आबा! अहो कडू आबा!"

म्हाताऱ्याने मानसुद्धा वळवली नाही.

नावनोंदणी परवा झाली होती. म्हाताऱ्याला मैदानातल्या झाडाखाली बसवून त्याची बायको झुंबरबाई रांगेत उभी राहिली होती. तिच्यामागे दीडशे माणसं. "अक्का, नवऱ्याचं नाव सांगा," प्रकाशचंद म्हणाला, तशी ती लाजून चूर झाली. "नाव कसं लेऊ भाऊ? ते कडू झाड शे ना, तेच नाव शे," असं म्हणून तिने मैदानाकडे बोट केलं. प्रकाशचंदने वहीतून मान वर केली नाही. कडू नावाची दोन गिऱ्हाइकं त्याच्या दुकानात नेहमी येत. त्याने झोकात 'कडू' लिहिलं आणि म्हणाला, "पुढचे!"

आता झुंबरबाई फाटकाजवळच्या नळावर तांब्या भरत होती. ओरडा ऐकून तिने वर पाहिलं आणि तिच्या हातून तांब्या पडला. पन्नास वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला लांबून कधी हाक मारली नव्हती. जवळ जायचं, बांगड्या वाजवायच्या, नाहीतर हळूच खाकरायचं. एवढ्यावर सगळं भागलं होतं. मैदानापलीकडे पोचेल असा एक शब्दही बिचारीकडे नव्हता.

म्हाताऱ्याची तीन पावलं उरली. मग दोन.

"निंबाऽऽ!"

प्रकाशचंद धावता धावता दचकला. हा आवाज त्याच्या पाठीमागून, नळाकडून आला होता.

"रे निंबाऽऽ! उभा ऱ्हाय तठेच!"

म्हातारा जागच्या जागी थांबला. त्याचं एक पाऊल कडेबाहेर गेलं होतं, ते त्याने हळूच मागे घेतलं. प्रकाशचंदने येऊन त्याला घट्ट धरलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. स्वतःही धापा टाकत शेजारी बसला. समोर मैदानात कडुनिंबाचं झाड उभं होतं. कडुनिंबातलं कडू आपण वहीत घेतलं आणि निंब बाहेरच सोडला, हे त्याला आत्ता उमगलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

झुंबरबाई धावत आली. तिने नवऱ्याच्या दंडाला हात लावला. बांगड्या वाजल्या, तसं म्हाताऱ्याने तोंड तिच्याकडे वळवलं.

"तू कठे व्हतीस?" तो म्हणाला. त्याचा आवाज आई येऊन गेलेल्या लहान पोरासारखा झाला होता. "आते माय उनी व्हती. नाव लिसन हाक मारी तिनी. ती मरनी, तैपासून माले कोनीच नाव लिसन हाक मारी नही."

"अहो आबा, ती हाक..." प्रकाशचंद सांगायला गेला. झुंबरबाईने त्याच्याकडे पाहून घाईघाईने हात जोडले.

"तू आयकी का ती हाक?" म्हाताऱ्याने विचारलं.

झुंबरबाईने पदराने डोळे पुसले.

"आयकी ना," ती म्हणाली. "भलती दूरथीन उनी बिचारी."