काकीची भूल

"हा माझा मुलगा," रंभाकाकीने प्रज्ञेशकडे बोट दाखवून डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि तो पुतण्या बिचारा कावराबावरा झाला.

गोंडलहून राजकोटला आणून काकीची गर्भपिशवी काढली होती. शुद्धीवर आली ती निराळीच बाई होऊन. नर्सला सासू समजून तिने पदर घेतला, सलाईन ओढून काढलं, खाटेखाली शेळ्या शोधल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हाताऱ्या बायकांचं ऑपरेशननंतर असं होतं. बहुतेकींचं डोकं ताळ्यावर येतं, एखादीचं तसंच राहतं.

त्या 'एखादी'ने प्रज्ञेशची झोप उडवली. काकी विधवा, पोटी मूलबाळ नाही. एकाच घरात राहून जन्मभर त्याच्यासाठी खपलेली. ती अशीच राहिली तर?

रोज सकाळी डॉक्टरीणबाई प्रश्न विचारत. दोन-तीन दिवसांत काकी वार बरोबर सांगू लागली. गावाचं नावही सांगितलं. "राजकोटच. पण पाणी आमच्या गोंडलचं." शंभरातून सात गेले, तेही चुकली नाही. मग शेवटचा प्रश्न, हा कोण?

"माझा मुलगा."

"बाकी सगळं जागेवर आलंय," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "ही एकच गोष्ट अडकलीय. लक्ष ठेवा."

प्रज्ञेशची आई, समजूबा, खाटेजवळून हलत नव्हती. "तिच्या नादी लागू नकोस," ती त्याला बजावी. "मूल नसलेल्या बाईचं मन आहे ते. जाईल हळूहळू."

पण त्याला नाही म्हणवत नसे. तो चमच्याने मुगाचं पाणी पाजायला बसला की काकी विचारी, "तू जेवलास का रे पोरा?"

"हो, बा," तो आईला म्हणावं तसं म्हणे. काकीचा चेहरा असा काही उजळे, की तो आणखी एक चमचा पुढे करी. समजूबाची मान खिडकीकडे वळे.

काकी बरी व्हावी म्हणून त्याने खोडियारमातेला नारळ बोलला होता. आणि बरी झाली की हे सगळं थांबेल, याचंही त्याला वाईट वाटत होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

उद्या घरी जायचं ठरलं. प्रज्ञेश औषधं आणायला निघाला आणि जिन्यातून परत फिरला, पाकीट खाटेपाशी टांगलेल्या कोटातच राहिलं होतं. पडद्याआड आईचा आवाज आला.

"परवापासून शुद्धीत आहेस तू. डॉक्टरीण फसेल, मी नाही फसायची. एकदा ओटीत घातलेलं कुणी असं परत मागतं का, रंभा?"

"मागत नाही, भाभी," काकी अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली. "उद्यापर्यंत वेडीच राहू द्या मला. घरी गेले की काकीच आहे त्याची."