मेलेला कॉर्पोरल

कॉर्पोरल सेकोवेला सकाळी साडेनऊला मारलं. सार्जंट मेजर नाइवालू गवत तुडवत आले, त्याच्या खांद्यावर काठी टेकवली आणि म्हणाले, "तू मेलास. पड." सेकोवे होता तिथेच उताणा पडला.

तुकडीप्रमुखाची परीक्षा चालू होती. टेकडीच्या माथ्यावर खंदक, त्यात शत्रू होऊन बसलेले दुसऱ्या कंपनीचे पाच जण, आणि खाली वाळक्या गवतात सेकोवेची नऊ जणांची तुकडी. गोळ्या नुसत्या आवाजाच्या, बाकी सगळं खरं. त्याची ही दुसरी आणि शेवटची खेप. नापास झाला तर तुकडी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली जाणार होती. दोन वर्षं खपून त्याने ही माणसं तयार केली होती. ती दुसऱ्याच्या मागे चालताना बघायची, हे त्याला सहन होणारं नव्हतं.

गेल्या खेपेलाही नाइवालूंनी त्याला असाच मधेच मारला होता. तेव्हा पडल्या पडल्या तो ओरडला होता, "उजवीकडून जा रे!" मेलेला माणूस बोलला, आणि परीक्षा तिथेच संपली.

आज त्याने दातांखाली गवताची काडी धरली. नाइवालू वही घेऊन त्याच्यापासून चार हातांवर बसले.

"तुकडी माझ्याकडे!" माइकाचा आवाज आला. माइका त्याच्या हाताखालचा, एका फितीचा लान्स कॉर्पोरल. कॉर्पोरल पडला की पुढचा तो, हे ठरलेलंच. चार रायफलवाले आणि ग्रेनेड लाँचरवाला त्याच्यामागे सरकले. डावीकडे उंचवट्यावर मशीनगन सुरूच होती. निम्म्यांनी पळायचं आणि निम्म्यांनी गोळीबार करून वरच्यांची डोकी खाली ठेवायची, एवढाच सगळा खेळ. ऐकायला सोपा आहे. तो जमवायला माणसांना एकमेकांचा श्वास ओळखता यावा लागतो.

नाइवालू उठले, पुढे गेले, आणि काठी टेकल्याचा आवाज आला. "माइका, तूही गेलास."

आणि त्याच वेळी मशीनगन थांबली.

माणसं उघड्या उतारावर, हुकूम देणारं कुणी नाही, आणि गन गप्प. काडतुसं संपली असणार. सेकोवेच्या तोंडातली काडी तुटली. बोलायला त्याने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात उतारावरून रायफली वाजू लागल्या. एक थांबली की दुसरी, दुसरी थांबली की तिसरी, जराही घाई नाही. गनने सोडलेली जागा चौघांनी भरून काढली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

गवत हललं. विलिमोनी सरपटत येत होता. तुकडीत सर्वांत अंगाने भरलेला हाच, म्हणून सर्वांत जड हत्यार याच्याकडे, ती मशीनगन. सेकोवेच्या मामाचा मुलगा, म्हणजे आमच्या फिजीत मेव्हणाच. त्यामुळे दोघांच्या बोलण्याला कसलाच धरबंध नव्हता. गन त्याची, पण तिची काडतुसं एकटा माणूस वाहू शकत नाही. एकेक पट्टा तुकडीतल्या प्रत्येकाच्या अंगावर असतो, कॉर्पोरलच्याही.

विलिमोनीने सेकोवेचं डोकं पोत्यासारखं उचललं, गळ्यातला पट्टा ओढून काढला आणि डोकं परत गवतात टाकलं. खिशातून नकाशा घेतला. दुसऱ्या खिशातून उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा तुकडाही घेतला.

"मेलेल्याला भूक लागत नाही, मेव्हण्या," तो पुटपुटला.

सेकोवेने त्याच्याकडे पाहिलं. त्याला एवढंच सांगायचं होतं, आता तूच पुढचा, गन तुझ्या मदतनीसाला, किनिजोजीला दे. सगळं ओठांवर आलं होतं. विलिमोनीने त्याची टोपी खाली ओढून त्याचे डोळे झाकले.

"पडून राहा. कळलंय मला."

मग अंधार आणि नुसते आवाज. पट्टा चढवल्याची कडकड. गन पुन्हा बोलू लागली, पण आता छोट्या छोट्या झटक्यांत. हा हात किनिजोजीचा. म्हणजे विलिमोनी उतारावर गेला. माणसं पळाली, पडली, पुन्हा पळाली. खंदकाजवळ आपली माणसं पोचली की गन थांबली पाहिजे. ती थांबली, अगदी त्याच क्षणी. दोन हातबाँब धपकन वाजले. मग आरडाओरडा, आणि मग काहीच नाही. टोपीखाली सेकोवेचे डोळे भरून आले. एवढं चांगलं काम त्याने स्वतःच्या डोळ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

नाइवालू धापा टाकत माथ्यावर पोचले. विलिमोनी खंदकाच्या काठावर बसून माणसं मोजत होता.

"हल्ल्याचा हुकूम कुणी दिला?"

"कॉर्पोरलनं, साहेब."

"तो मरून पाऊण तास झाला."

"हो, साहेब."

"मग?"

विलिमोनीने त्यांच्याकडे पाहिलं. विचारतायत काय हे, तेच त्याला कळेना.

"मग काय, साहेब?"

नाइवालूंनी वही मिटली. उतार उतरून ते खाली आले आणि सेकोवेच्या तोंडावरची टोपी काठीने बाजूला केली.

"ऊठ," ते म्हणाले. "तुझी माणसं वर थांबलीत."