ब्योन यांचा उजेड

मोबाइलच्या पडद्यांसाठी निळा उजेड देणारा रेणू शोधून प्राध्यापक ब्योन यांनी त्याला स्वतःचंच नाव दिलं होतं. विद्यार्थिनी हारिमने तो चौथ्यांदा बनवला, पण अतिनील दिव्याखाली तिची कुपी मिणमिणलीसुद्धा नाही. “तुझ्या हाताला गुणच नाही,” सर सगळ्यांदेखत कडाडले. “घरी किमचीचं लोणचंही नासवत असशील! माझी कुपी बघ, सहा वर्षं लखलखतेय.” कुणीतरी फिदीफिदी हसलं. हारिम अदबीने वाकली. “काल तुमच्या कुपीतली चिमूटभर पूड शुद्ध केली, सर.” तिने दिव्याखाली दोन कुप्या ठेवल्या. स्वच्छ पूड काळीठिक्कर राहिली. तिच्यातून निघालेला तपकिरी मळ निळाशार पेटला. “उजेड रेणूचा नव्हताच. घाणीचा होता.” स्वच्छ कुपीवरची ‘ब्योन’ लिहिलेली चिठ्ठी तिने नखाने सोडवली, घाणीच्या कुपीवर चिकटवली आणि ती रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी सरांपुढे धरली.