पायातलं पिवळं कडं

"सदतीस!" दुर्बिणीवरून डोळा न काढताच ती ओरडली.

"सदतीस, हजर." सासऱ्यांनी यादीवर खूण केली. चाळीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस तो, क्रौंच पक्षीसुद्धा रजिस्टर पत्रांसारखे टिपून घेत होता.

या तळ्यावरचे क्रौंच कधीचेच दिसेनासे झाले होते. तिने आठ वर्षं दुसरीकडून अंडी आणली, केंद्रात उबवली, पिल्लं वाढवली आणि पायात नंबराचं पिवळं कडं घालून इथे सोडली. पुढचं सगळं त्यांचं त्यांनी बघायचं. लव्हाळ्यातल्या घरट्यांकडे कुणी फिरकायचं नाही, हा तिचाच कडक नियम. एकदा तर सख्ख्या नवऱ्याला तिने तिथून हाकलून दिलं होतं.

आज मोसमाचा शेवटचा दिवस. सगळा थवा समोरच्या चिखलावर उतरला होता आणि मचाणावर समितीचे साहेब येऊन बसले होते. आकडा चाळिसाच्या खाली आला, तर आठ वर्षं पाण्यात.

"अडतीस! अहो बाबा, बारा नंबरचं कडं! बारा नंबर जिवंत आहे! ती गेली म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते!"

"जेवली नव्हतीस, पण आम्हाला बोललीस मात्र पोटभर."

चाळीस. एकेचाळीस. तिचा आवाज चिरकायला लागला, पाय एका जागी ठरेनात.

"त्रेचाळीस! शेहेचाळीस सोडले, त्यातले त्रेचाळीस टिकले!"

"मोजताना कुणी सुटला नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"छे हो! शेवटच्या पक्ष्यापर्यंत प्रत्येकाचा नंबर वाचलाय."

साहेब चक्क उठून उभे राहिले. "कमाल केलीत बाई! मग आता केंद्राचं काय काम? पक्षी आपापले जगतायत. उबवणीची यंत्रं दुसऱ्या तळ्याला देऊन टाकू. करा सही."

हेच तर हवं होतं तिला! माणसाचा हात सुटला पाहिजे, असं ती पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होती. तिने झोकात सही केली. साहेबांची जीप धुरळा उडवत गेली, तशी ती मचाणावरच नाचली. सासऱ्यांनाही हाताला धरून तिने एक गिरकी घ्यायला लावली.

"पुरे, पुरे! गुडघे माझे आहेत," सासरे हसत खाली बसले आणि यादीची घडी घालू लागले. मग जरा थांबले. "एक विचारू का गं? लव्हाळ्यात जी पिल्लं जन्मतात, त्यांना कडं कोण घालतं?"

"कोण घालणार? कुणीच नाही," ती अजून धापा टाकत होती. "ती आपली बिनकड्याचीच..."

तिने दुर्बीण परत उचलली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक पाय बघत, सावकाश पुन्हा मोजलं.

चिखलावर त्रेचाळीसच पक्षी होते, आणि प्रत्येकाच्या पायात पिवळं कडं होतं.