झाकणातल्या तारा

"आबा, झाकण हळू लावा. तारा झाकणातनं गेल्यात."

जामखेडच्या स्टँडवर उतरतानाही गोरक्षच्या कानात करणचा तोच आवाज होता. पोरानं नगरहून सेकंडहँड लॅपटॉप आणला, त्या दिवशीचा. बापाला ओसरीवर बसवून त्यानं कडेची खाच दाखवली होती. "हितं सिम बसतं. वायफाय नगं, मोबाईल नगं. रानात उघडा न्हाईतर गोठ्यात, ह्याचं ह्येच नेट धरतंय. ॲन्टेना स्क्रीनच्या भवती हाय, तारा बिजागरीतनं खाली येत्यात. म्हनून आपटायचं न्हाई."

पोरगं मोबाईलचे टॉवर उभारणाऱ्या ठेकेदाराकडं कामाला होतं. त्याचं ते उंचावर चढणं गोरक्षला नको होतं. एके दिवशी तोंडातून निघून गेलं, "टॉवरवरच चढायचं आसंल तर ह्या घराची पायरी चढू नगस." करण बॅग अन् लॅपटॉप उचलून थेट कच्छला गेला. फोन नाही, निरोप नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गोरक्ष त्याला आणायला गेला, तो एकटाच परतला. हातात लॅपटॉप.

"भेटला," तो बायकोला, आक्काबाईला म्हणाला. "राग गेला न्हाई आजून. नवा घेतलाय म्हनं, ह्यो तुमी ठेवा म्हनला."

आक्काबाईनं लेकाची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या काढून ठेवल्या होत्या. त्या तिनं तशाच चुलीत टाकल्या.

मग शेजारच्या निकितानं म्हातारीच्या मोबाईलवर चॅट उघडून दिलं. करणचा फोटो अन् त्याच्या कडेला, सांज झाली की, हिरवा ठिपका. "हा पेटला म्हणजे दादानं ते उघडलंय, काकू." निकिता मेसेज टाकायची, उत्तर यायचं नाही. पण ठिपका यायचा. आक्काबाईला तेवढं पुरे होतं. देवापुढं दिवा लावून ती मोबाईल मांडीवर घेई अन् जात्यावरच्या चालीत गुणगुणे,

हिरवा ठिपका बाई, तुळशीपुढं जशी वात
राघू माझा परमुलखी, त्याच्या वाटंला नगं रात

"आवं, या की बघायला," ती हाक मारायची. "लेकाचा दिवा लागला. तुमी आपले रोज गोठ्यात."

"धारा कोन काढंल मग? तूच बघ माझ्या वाटचं," गोरक्ष तिकडूनच ओरडायचा.

बापलेकाचं जमत नाही, असं ती मनात म्हणायची. म्हाताऱ्याचं सगळंच अलीकडं उफराटं झालं होतं. पितृपाटात बापाच्या नावानं कावळ्याला एक द्रोण ठेवायचा, तर हा दोन ठेवायचा. का म्हणून विचारलं तर म्हणे, "भूक मोठी हुती म्हाताऱ्याची."

गेल्या आठवड्यात ठिपका विझला. एक सांज, दुसरी सांज. आक्काबाईनं भाकरीला हात लावायचं सोडलं. "पोराला कायतरी झालंय," एवढंच ती बोलायची. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर हिचं काही खरं नाही.

"लॅपटॉप नीट करून आनतो," गोरक्षनं तिला सांगितलं. "त्यातनं हुडकू त्याला."

सोमवारी त्यानं तो जामखेडला सुहासच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टाकला होता. आज न्यायला आला.

सुहास मान वर न करताच हसला. "काका, कीबोर्डमधून मूठभर कडबा निघाला. म्हशींना कॉम्प्युटर शिकवताय का?"

"गोठ्यात ठिवला हुता. घरात उंदरं लई."

"आणि झाकण आपटलं कुणी? बिजागरीत ॲन्टेनाची तार तुटली होती."

"मीच. कोनतरी आलं मागनं, घाईत लागलं."

"मी म्हटलं, बाहेरून नेटचं डोंगल लावून देतो, पाच मिनिटांत मोकळे. तर तुमचा हट्ट, आतलंच पाहिजे."

"बाहीरचं नगं. दिसतं ते."

सुहासला काही ते कळलं नाही. त्यानं स्क्रीन फिरवली. "हे बघा. रेंज फुल. सिमचा रिचार्जही चालू आहे. आणि काका, लई स्लो होता, म्हणून फॉरमॅट मारून दिलाय. त्याचे पैसे नकोत. आता पळतोय बघा."

गोरक्षचा हात खिशातच राहिला. "म्हंजी?"

"म्हणजे आतलं सगळं पुसून नवं टाकलं."

"करनचं चॅट आपसूक उघडायचं... त्ये?"

"तेही गेलं. पण घाबरू नका. पासवर्ड टाकला की होतं तसं उघडतं."

"आन् पासवर्ड?"

"करणला विचारा की फोन करून. दोन मिनिटांचं काम."

गोरक्ष त्या कोऱ्या निळ्या स्क्रीनकडं बघत राहिला. मग त्यानं झाकण लावलं. अगदी हळू, झोपलेल्या लेकराच्या अंगावर वाकळ ओढावी तसं.

घरी पोचेतो दिवेलागण झाली होती. गोठ्यात म्हशी हंबरत होत्या. आक्काबाई ओसरीवर, भिंतीला टेकून. मोबाईल मांडीवर.

"झालं का नीट?"

"झालं."

"नेट लागतंय?"

"फुल लागतंय."

"मग हुडका की त्यात," ती म्हणाली. आवाज कोरड्या आडातून आल्यासारखा. "न्हाईतर ऱ्हाऊ द्या. आदी धारा काढून या. तुमी गोठ्यात गेल्याबिगर दिवा लागतच न्हाई त्येचा. कवाची बघतीय मी."

गोरक्षनं लॅपटॉपची पिशवी खाली ठेवली. तो गोठ्याकडं गेला नाही. तिच्याजवळ जमिनीवर बसला अन् तिच्या हातातला मोबाईल काढून पालथा ठेवला.

"आक्के, त्यो दिवा गोठ्यात बसून मीच पेटवायचो. पोराला तर मी तिकडंच आग्नी देऊन आलतो."