डॉक्टर जेवायला गेले असताना

दादाच्या डोक्यातली गाठ परत आली. पण हे म्हणायचा अधिकार फक्त डॉक्टरांना होता आणि डॉक्टर जेवायला गेले होते. तेव्हा नियमाप्रमाणे गाठ अजून आलेली नव्हती.

मशीनवर बसलेला टेक्निशियन म्हणजे दादाचा सख्खा धाकटा भाऊ. आपल्या माणसाचा एमआरआय आपण काढायचा नाही, असाही एक नियम होता. पण दुसरा टेक्निशियन रजेवर होता. काचेपलीकडे, मशीनच्या बोगद्याच्या तोंडाशी, दादाचे फक्त पाय दिसत होते. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

मागच्या वेळी एक पांढरा डाग निघाला होता. असा डाग म्हणजे उपचाराच्या किरणांनी जळून मेलेलं मांस, नाहीतर पुन्हा वाढू लागलेली गाठ. दिसायला दोन्ही सारखीच. फरक इतकाच की मेलेलं मांस रक्त पीत नाही. म्हणून शिरेतून औषध सोडायचं आणि रक्त कुठे किती जातंय ते बघायचं. पडद्यावर कमी रक्त निळं दिसतं, जास्त रक्त लाल. दादाचा डाग लालभडक होता.

धाकट्याने पडद्याच्या कडेची रंगपट्टी माउसने हळूच ओढली. लाल पिवळं झालं, पिवळं हिरवं झालं आणि शेवटी डाग निळा पडला. त्याच्याबरोबर अख्खा दादाही निळा पडला. धाकट्याने घाबरून पट्टी होती तिथे आणून ठेवली.

"झालं का रे?" स्पीकरमधून दादाचा आवाज आला. "नाक खाजतंय."

"हलू नकोस."

"मी कुठे हलतोय? नाक हलतंय."

मशीन थांबलं. धाकट्याने दादाला बाहेर आणून खुर्चीत बसवलं आणि गुडघे टेकून त्याच्या बुटांच्या लेस बांधायला घेतल्या.

दादा वरून बघत राहिला. "आजवर माझे बूट पळवलेस. बांधून कधी दिलेस? इतकं वाईट आहे?"

"डॉक्टर सांगतील."

"तुला दिसलं ना पण?"

"मी सगळ्यांना हेच सांगतो."

"आणि बूट? तेही सगळ्यांचे बांधतोस?"

"हो."

शेजारच्या खुर्चीत एक आजोबा गुडघ्याचा एमआरआय उरकून सीडीची वाट बघत बसले होते. धाकटा तसाच गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापुढे गेला. त्यांची लेस बांधलेलीच होती. ती त्याने सोडली आणि पुन्हा बांधली.

आजोबांचा चेहरा उतरला. "काय निघालं हो गुडघ्यात?"

"डॉक्टर सांगतील."

आजोबांनी मोबाइल काढून मुलीला फोन लावला. दादाला हसू आवरेना. हसता हसता उठून त्याने भिंत धरली. हसणं थांबलं तरी भिंत सोडली नाही.

"आईला मी सांगतो," तो म्हणाला. "तुला खोटं बोलता येत नाही, गाढवा."

आणि भिंतीच्या आधाराने दाराकडे निघाला.

धाकटा पडद्यापाशी परतला. फॉर्मवरचा 'तंत्रज्ञाचा शेरा' हा रकाना भरायचा राहिला होता. तिथे रोज एकच वाक्य पडायचं. त्याने ते टाइप केलं: रुग्णाने सहकार्य केले. मग खाली, नीट समास सोडून, आणखी एक टाइप केलं:

"रुग्णाच्या हृदयाकडून सदर डागास होत असलेला रक्तपुरवठा, इतर भागांचा पुरवठा सुरळीत ठेवून, पुढील आदेश होईपर्यंत बंद ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती."